केए २३ : गाडीचा रंग राखणाऱ्यांची गोष्ट

चिकोडीला आरटीओ कचेरी आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या गाड्यांच्या पाटीवर केए २३ असतं, बेळगावच्या गाड्यांवर केए २२, आणि निपाणी ओलांडून कागलकडे निघालं की एमएच ०९ दिसायला लागतं. दसरा, दिवाळी आणि पाडवा या तीन सणांच्या आगेमागे या कचेरीच्या आसपास हार घातलेल्या नव्या गाड्यांची रांग लागते. मग आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी घरी येतं आणि विचारतं, "आक्का, शोरूमवाले कोटिंग करून घ्या म्हणतात. करू का?"

मला विचारतात, कारण आमच्या आप्पांचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं आणि तिथं शेड जुळवायचं काम माझ्याकडे होतं. पुढं गॅरेज भावाकडे गेलं, तरी रंगाचे डबे आणि नमुन्याच्या पट्ट्या माझ्याच ताब्यात राहिल्या. यंदा भावाच्या मुलानं नवी गाडी घेतली. शोरूमनं त्याच्यासमोर टेफ्लॉन, सिरॅमिक आणि फिल्म असे तीन दर ठेवले आणि तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. त्याला उत्तर द्यायला बसले तेव्हा मला बैलगाडीपासून सुरुवात करावी लागली. आमच्या मुलखात गाडीची कांती राखायचा विचार मोटारीच्या आधीपासून चालत आलेला आहे.

मोटार येण्याआधी इथं गाडी म्हणजे बाभळीच्या लाकडाची बैलगाडी. चाकाचा तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की धाव सैल व्हायची, पावसाळ्यात पाणी मुरलं की लाकूड फुगायचं आणि पुढच्या उन्हात तडकायचं. यावर सुतारांचा उपाय जवसाच्या तेलाचा. एरंडेल किंवा करंजेल कितीही दिवस तसंच ओलं राहतं, जवसाचं तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि लाकडावर पातळ पापुद्रा धरतं. म्हणून आखाच्या वंगणाला एक तेल आणि साटीच्या फळ्यांना दुसरं. त्यात राळ घालून उकळलं की झालं व्हार्निश. पुढं कारखान्यात तयार होणाऱ्या ऑइलपेंटचा पायासुद्धा हाच, तेलाचा सुकलेला पापुद्रा. आमच्या सुतारांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण कुठलं तेल सुकतं आणि कुठलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाडी सजवायचे दिवसही ठरलेले. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर. त्या दिवशी बैलांच्या शिंगांना हुरमुंज लागायचं, आता तिथं ऑइलपेंट आला आहे. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला जायचं म्हणून गाड्यांची डागडुजी व्हायची. रायबाग तालुक्यातल्या त्या यात्रेला अजूनही बैलगाड्या येतात. आणि खंडेनवमीला नांगर, विळा, पहार, गाडी, सगळ्यांना हळदीकुंकू. लाकडात कुंकू मुरलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. हा मुद्दा मी पुढं पुन्हा घेणार आहे, कारण आजच्या गाडीचं त्यानं बिघडतं.

मोटारी आल्या त्या संस्थानिकांच्या आणि बड्या व्यापाऱ्यांच्या दारात. सुरुवातीच्या मोटारींचं अंग घोडागाडी बांधणारेच बांधायचे आणि रंगही घोडागाडीचाच असायचा. तेलाच्या व्हार्निशचे हात एकावर एक, प्रत्येक हात वाळला की घासायचा, पुन्हा दुसरा. एक गाडी रंगवायला काही आठवडे जायचे. कारखान्यात गाड्या धडाधड तयार होत होत्या आणि रंग वाळायची वाट पाहत उभ्या राहत होत्या. अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. रंग वाळण्याची ही अडचण १९२३ मध्ये सुटली. ड्युपाँ कंपनीनं नायट्रोसेल्युलोजपासून केलेला ड्युको नावाचा लॅकर काढला आणि जनरल मोटर्सनं तो ओकलंड गाडीवर निळ्या रंगात प्रथम वापरला. यातला द्रावक उडून गेला की काही मिनिटांत थर वाळतो. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि गाड्यांना रंगीबेरंगी दिवस आले.

कोल्हापूरच्या दसऱ्याला जुनी मेबॅक गाडी बाहेर काढतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली. दसरा चौकातली ती गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की इतक्या वर्षांनीही तिचं अंग लखलखतं. लहानपणी मला वाटायचं, तो रंगच काही वेगळा असणार. आप्पा म्हणायचे, "रंग वेगळा न्हवं बाळ, राखणारी माणसं वेगळी." मोटारखाना, सावली, मऊ फडकं आणि त्या कामासाठीच नेमलेला माणूस. संस्थानिकांच्या गाड्या टिकल्या त्या उन्हात उभ्या न राहिल्यामुळं. रंगाला सगळ्यात मोठा शत्रू ऊन आहे, ही गोष्ट आजही बदललेली नाही.

कोल्हापूरचा उल्लेख आला म्हणून सांगते, आमच्याकडे 'पेंटर' ही मानाची पदवी आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवायचे, मग स्वतः कॅमेरा बनवून त्यांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. मूळचे मेस्त्री, पण लोकांनी पेंटर हेच आडनाव करून टाकलं. त्या परंपरेतून कोल्हापुरात बोर्ड रंगवणाऱ्यांची फळी उभी राहिली आणि आप्पा तिथंच एका बोर्डवाल्याकडे हाताखाली राहून ब्रश धरायला शिकले. चिकोडीला परतले तेव्हा त्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं काढता येत होती. ट्रकच्या कपाळावर 'हालसिद्धनाथ प्रसन्न' एका बाजूला मराठीत, एका बाजूला कन्नडमध्ये. गॅरेजचं नाव झालं ते आधी अक्षरांमुळं, मग गाड्यांमुळं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, तेव्हा चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हा चिकोडी तालुक्यातच असलेली निपाणीही गेली. कागदपत्रं म्हैसूरची झाली, पण माल कोल्हापूरहूनच येत राहिला. थिनर, प्रायमर, रंगाचे डबे, वॉटरपेपर, सगळं कोल्हापूरहून. रंगाचे कारखाने मुंबईत होते. लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स म्हणून सुरू झालेल्या कारखान्याचीच पुढं गुडलास नेरोलॅक आणि आता कन्साई नेरोलॅक झाली, १९४२ मध्ये मुंबईतच चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. आणि गाडीही मुंबईचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून फियाट ११०० निघायची, तीच पुढं पद्मिनी.

आमच्या गॅरेजात येणाऱ्या गाड्या म्हणजे निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांच्या फियाट, कारखान्याच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या अँबॅसेडर, डॉक्टरांच्या गाड्या आणि जीप. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. मिळालेली गाडी लोक वीस-पंचवीस वर्षं वापरत आणि दर चार-पाच वर्षांनी नव्यानं रंगवून घेत. तेव्हा रंग राखण्याचा खरा अर्थ पुन्हा पुन्हा रंगवणं हाच होता.

हे काम कसं चालायचं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आता ते कुणी करत नाही. जुना रंग घासून पत्र्यापर्यंत जायचं. ठोकून सपाट केलेल्या जागी लांबी भरायची, वाळली की पाणी मारत वॉटरपेपरनं घासायची. डोळ्यावर विसंबायचं नाही, तळहात फिरवायचा, कारण डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. मग प्रायमर, पुन्हा घासणं, मग कॉम्प्रेसर लावून लॅकरचे पातळ थर. जमिनीवर आधी पाणी मारायचं म्हणजे धूळ उडत नाही. पावसाळी हवेत लॅकर वाळताना दमट हवा धरतो आणि पांढुरका पडतो, म्हणून आषाढ-श्रावणात आप्पा रंगाचं काम घ्यायचेच नाहीत. दिवाळीनंतर काम वाढायचं, पण मग निपाणीच्या बाजूला तंबाखूची धूळ सुरू व्हायची. आमचं गॅरेज त्यापासून लांब चिकोडीत असण्याचा हाच फायदा, असं ते सांगायचे.

फवारलेला लॅकर वाळल्यावर मंद दिसतो. त्याला चमक आणावी लागते ती रबिंग कंपाउंडनं घासून आणि वर मेण चढवून. मेणाचे डबे वॅक्सपोलचे. चांगल्या मेणात कारनौबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर साचणारं कडक मेण. आप्पांचा नियम असा की मेण सावलीत, थंड पत्र्यावर आणि अगदी पातळ लावायचं, जाड लावलं तर त्यावर धूळ बसते. हा नियम मेणाच्या बाबतीत आजही तंतोतंत लागू आहे.

त्यांची भांडणं व्हायची ती ड्रायव्हर लोकांशी. कोंडीत उभं राहिलं की डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा काढून बॉनेट पुसायची सवय सगळ्यांना. क्षणभर आरशासारखी चमकते, संध्याकाळपर्यंत त्यावर रस्त्याची सगळी धूळ येऊन चिकटते, आणि उद्या ती धूळ कोरड्या फडक्यानं पुसताना रंगावर बारीक रेघा उठतात. गाडी झाकायला बारदान वापरायची खोडही तशीच. निपाणीत बारदानाला तोटा नाही, पण तागाच्या धाग्यात अडकलेली माती वाऱ्यानं हलून रंग घासत राहते. आप्पा ग्राहकांना जुनं सुती धोतर धुऊन वापरा म्हणायचे.

शेड जुळवणं माझ्याकडे कसं आलं ते थोडक्यात सांगते. एक दरवाजा ठोकला गेला आणि तेवढाच रंगवायचा असला, तर नवा रंग जुन्याशी जुळला पाहिजे. जुना रंग उन्हानं उडालेला असतो. पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या कडेला मूळ रंग सापडतो, पण तो वापरून चालत नाही, बाहेरचा उडालेला रंगच बनवावा लागतो. पांढऱ्यात पांढरा घातला तर जुळत नाही. त्यात थेंबभर काळा, थोडा पिवळा, कधी किंचित लाल. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाहीत, म्हणून पट्टी रंगवून वाळेपर्यंत थांबायचं आणि सकाळच्या उजेडात, उन्हात नाही, तर सावलीत धरून बघायचं. आप्पांना हे जमायचं, पण वयानं त्यांना पिवळा नीट दिसेना. मला दिसायचा. बाईमाणूस गॅरेजात म्हणून सुरुवातीला लोक बुजायचे. दरवाजा जुळला की बोलायचं थांबायचे.

उन्हानं रंग किती उडतो हे पाहायचं असेल तर जुन्या लाल गाडीवरचं नावाचं स्टिकर काढून बघावं. खाली अक्षरांच्या आकारात नवा कोरा लाल रंग असतो आणि भोवती गुलाबी. लाल रंगद्रव्य उन्हाला सगळ्यात आधी हार जातं. पांढरा आणि चंदेरी जास्त टिकतो. आमच्याकडे पांढऱ्या गाड्या जास्त का दिसतात, याची काही कारणं आवडीनिवडीत असतील, पण ऊन हेही एक आहे.

या सगळ्याची किंमत माणसांनी मोजली. आप्पा तोंडाला रुमाल बांधून फवारायचे. रुमालातून थिनरची वाफ सरळ आत जाते. पिवळ्या-नारिंगी रंगात शिशाची संयुगं असायची. पुढं हार्डनर घालून वापरायचे दोन भागांचे पॉलियुरेथेन रंग गॅरेजात आले, ते लॅकरपेक्षा कितीतरी टिकाऊ, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी फुप्फुसं बिघडतात, एकदा दमा जडला की मग थोड्या वासानंही श्वास लागतो. आप्पांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. भावानं गॅरेज हातात घेतल्यावर पहिल्यांदा गाळणी असलेले मास्क आणले, ते माझ्या हट्टानं.

मग मारुती आली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली दिली आणि पुढच्या काही वर्षांत ती गाडी चिकोडीतही दिसायला लागली. तिनं गाड्यांची संख्या वाढवली तसा रंगाचा धंदाही बदलला. आधुनिक कारखान्यात रंग माणसाच्या हातानं चढत नाही. कोरं अंग टाकीत बुडवतात, विजेच्या प्रवाहानं प्रायमरचा थर कानाकोपऱ्यात बसवतात, वर बेस रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला सगळे क्लियरकोट म्हणतात. मधे मधे भट्टीत भाजणं. विजेनं प्रायमर बसवायची ही पद्धत फोर्डनं १९६०च्या दशकात प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली. बेस आणि क्लियरची जोडी १९८०नंतर जगभर रुळली आणि आपल्याकडे हळूहळू सगळ्या गाड्यांवर आली.

याचा अर्थ काय तो समजून घेतला पाहिजे, कारण सगळा निर्णय यावर आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन रंग असतो. माणसाचा केस धरा ७० मायक्रॉन. त्यातला क्लियरकोट ४० मायक्रॉनच्या आसपास. ऊन अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. आप्पांच्या लॅकरवर रबिंग चालायचं, कारण थर जाड असायचे आणि चार वर्षांनी पुन्हा रंगवायचंच असायचं. आजच्या गाडीवर दर दिवाळीला रबिंग-पॉलिश केलं, तर आपणच आपल्या हातानं संरक्षणाचा थर उतरवत जातो. वर्षातून दोनदा पैसे देऊन असं करून घेणारे लोक मी पाहते आणि मला वाईट वाटतं. एकदा क्लियर संपला की छपरावर आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटतात आणि मग कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही.

आता भाच्याच्या कागदाकडे येते. तीन दरांत कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी मी त्याला विचारलं, गाडी चालणार कुठं? तो रोज निपाणीहून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जातो. म्हणजे पुणे-बेंगळूर महामार्ग, पूर्वीचा एनएच ४, आताचा ४८. २०००नंतर तो चौपदरी झाला आणि गाड्यांचा वेग वाढला. वेग वाढला की पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडणारी खडी तितक्याच जोरानं येते. दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत उसाचे ट्रॅक्टर सुरू. त्यांच्या चाकांना चिकटलेली शेतातली चिखलमाती रस्त्यावर पडते, वाळते, उडते. साखर कारखान्याच्या आसपास बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख पडते, ती हातानं पुसली की कणी रंगात रेघ ओढते. सुट्टीत गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत सावंतवाडी-गोवा, म्हणजे तिकडची खारी हवा. घरात बोअरचं पाणी. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. उन्हात गाडी धुतली आणि पाणी वाळलं की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं कडं. आणि दारात चिंचेचं झाड. सावलीला चांगलं, पण त्यावर पाखरं बसतात. पाखरांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हानं तापलेल्या क्लियरवर ती वाळली तर खोल डाग जातो, तो पुसून निघत नाही.

ही यादी हातात आली की तिन्ही दर आपोआप तपासता येतात.

टेफ्लॉन मी पहिल्यांदा खोडलं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, १९३८ मध्ये ड्युपाँच्या रॉय प्लंकेट यांना योगायोगानं सापडलेला पदार्थ. तव्यावर तो बसतो कारण त्याला तीनशे अंशांहून जास्त तापवतात. गाडीच्या बॉनेटवर कुणी तेवढं तापवू शकत नाही. त्यामुळं या नावाखाली गाडीला जे लावतात त्याची चमक काही महिन्यांची, चांगल्या मेणाइतकीच. मेणाच्या पैशात मिळत असेल तर घ्यावं, त्याहून जास्त देऊ नये.

सिरॅमिक खरं आहे, पण त्याबद्दल जे सांगितलं जातं ते सगळं खरं नाही. सिलिकाचा हा थर हवेतल्या ओलाव्यानं कडक होतो आणि क्लियरवर घट्ट बसतो. पाणी थांबत नाही, घाण लवकर निघते, पाखरांचा डाग पुसायला थोडा जास्त अवधी मिळतो, मेणापेक्षा कितीतरी अधिक टिकतो. पण जाडी एक-दोन मायक्रॉन. त्यानं खडीचा टवका थांबत नाही आणि चुकीच्या फडक्यानं पडणाऱ्या रेघाही पूर्ण थांबत नाहीत. बोअरच्या पाण्याचे डाग तर सिरॅमिकवरही पडतात. आणखी एक धोका असा की हे लावण्याआधी गाडी मशिननं पॉलिश करतात. नव्या गाडीला त्याची गरज फार थोडी असते, आणि घाईत चालवलेलं मशिन तोच ४० मायक्रॉनचा थर खातं. त्याला मी सांगितलं, करायचंच असेल तर आधी थराची जाडी मापकानं मोजून दाखवा म्हण, आणि पॉलिश चालू असताना तिथं उभा राहा.

फिल्म ही तिन्हीत वेगळी गोष्ट. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांना वाळू-दगडांपासून वाचवायला ३एम कंपनीनं पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म काढली, तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग साध्या गाड्यांवर आली. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. खडी तिच्यावर आपटून परतते. चांगल्या फिल्मवरच्या बारीक रेघा उन्हाच्या उबेनं आपोआप भरून येतात. आमच्या महामार्गावर उपयोगी पडणारी हीच. पण पूर्ण गाडीला लावायची तर लाखभर किंवा त्याहून अधिक लागतात, आणि स्वस्तातली फिल्म काही वर्षांत पिवळी पडते. खडी आपटते ती पुढच्या बंपरवर, बॉनेटच्या पुढच्या भागावर, आरशांच्या पाठीवर आणि चाकांमागच्या पट्टीवर. छपराला फिल्मची गरज नाही. म्हणून फक्त पुढचा भाग आणि दारांच्या मुठीखालच्या वाट्या. तिथं नखं आणि अंगठ्या लागून रेघा पडतात.

खंडेनवमीचं राहिलं. आमच्याकडे कन्नड शेजारी तिला आयुधपूजा म्हणतात, पूजा एकच. पूजा करावीच, आमच्या घरी आजही होते. पण ओलं कुंकू आणि हळद सरळ रंगावर लावू नये, त्यातले रंग पांढऱ्या गाडीच्या क्लियरमध्ये शिरतात. स्वस्तिक काचेवर काढावं किंवा विड्याच्या पानावर काढून ते पान ठेवावं. हार सुतळीनं बांधावा, तारेनं नको. नारळ गाडीपासून चार हात दूर फोडावा, आणि पाणी उडालं तर लगेच पुसून घ्यावं, त्यात साखर असते.

धुण्याबद्दल फार बोलत नाही, पण रंग टिकतो तो धुण्यावरच. सावलीत, आधी नुसतं पाणी सोडून माती वाहून द्यावी. कपड्यांचा साबण किंवा पावडर नको, गाडीचा शांपू. वरून खाली, शेवटी चाकांजवळ. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. आणि बोअरचं पाणी वाळायच्या आत मऊ फडक्यानं टिपून घ्यावं. फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर शेवटचा हात त्याचा. ज्यांची गाडी अपघातानंतर गॅरेजात रंगवलेली असेल त्यांनी महिनाभर तरी मेण किंवा फिल्म लावू नये, आतला द्रावक बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. कारखान्यात भाजलेल्या रंगाला ही अट नाही.

माझा निर्णय भाच्यानं मान्य केला. पुढच्या भागाला चांगली फिल्म, बाकी अंगाला वर्षातून दोन-तीनदा मेण, आणि उरलेल्या पैशातून दारात पत्र्याची शेड. ज्यांची गाडी गावातच फिरते आणि महामार्गाला क्वचित लागते त्यांनी फिल्मही घेऊ नये, शेड बांधावी. ज्यांना आठवड्याला धुणं जमत नाही आणि पैसे आहेत त्यांनी सिरॅमिक करून घ्यावं, पण टवका पडणार नाही असं समजू नये.

एवढं वाचून तुम्ही गाडी कुठल्याही गॅरेजात रंगवायला द्याल, तेव्हा एक गोष्ट माझ्यासाठी करा. फवारणी करणाऱ्या पोराच्या तोंडावर काय आहे ते बघा. रुमाल असेल तर मालकाला गाळणीचा मास्क आणायला सांगा, आणि तो म्हणाला की खर्च परवडत नाही, तर तेवढे पैसे बिलात घ्या म्हणा.